भिंतीवरचा तक्ता आणि संगणकाची लायब्ररी

मी कांहीं संगणकशास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिक होऊन मीं शिक्षकाचा पेशा पत्करला आणि पस्तीस वर्षें मुलांना गणित शिकवून निवृत्त झालों. तेव्हां आजच्या विषयावर बोलण्याचा याचा अधिकार काय, असें कोणी विचारील. त्याला उत्तर म्हणून माझ्या हातून घडलेली एक चूकच प्रथम सांगतों.

नोकरीच्या पहिल्या वर्षीं मीं वर्गाच्या भिंतीवर लावण्यासाठीं पाढ्यांचा एक मोठा तक्ता रंगविला. त्यांत सतराच्या पाढ्यांत नवव्या ओळीस १५३ च्या जागीं १४३ असा आंकडा पडला. वर्गांत चाळीस मुलें होतीं. निम्मीं मुलें तक्त्याकडे पाहून पाढे म्हणत. उरलेल्या निम्म्यांनीं तो आपापल्या वहींत उतरून घेतला होता. चूक ध्यानांत आली ती दोन महिन्यांनीं. तक्त्यावरचा आंकडा खोडून नवा लिहिण्यास मला पांच मिनिटें पुरलीं. वह्या मात्र एकेक मागवून तपासाव्या लागल्या, आणि त्यांतील दोन अखेरपर्यंत हातीं आल्याच नाहींत. त्या दोघांपैकीं एका मुलानें वार्षिक परीक्षेंत १४३ च लिहिले आणि आपले गुण गमावले. चूक माझी, शिक्षा त्याला. तें मला आजहि टोंचतें.

निवृत्तीनंतर संगणकाच्या धंद्यांत असलेला माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला असतां मीं त्याला ही हकीगत सांगितली. तो हंसला नाहीं. म्हणाला, "गुरुजी, तुमचा तक्ता बरा कीं त्या वह्या बऱ्या, याच वादांत आमच्या लोकांचीं पन्नास वर्षें गेलीं." त्याचें तें वाक्य माझ्या मनांत घर करून राहिलें. त्यानें दाखविलेल्या वाटेनें मीं जें कांहीं वाचलें आणि त्याच्याजवळ बसून जें पाहिलें, त्याचाच इतिहास आज आपणांपुढें मांडणार आहें.

या कथेचा आरंभ इंग्लंडांत केंब्रिज येथें होतो. तेथील विद्यापीठांत मॉरिस विल्क्स यांच्या देखरेखीखालीं बांधलेला एडसॅक नांवाचा संगणक ६ मे १९४९ रोजीं प्रथम चालला. त्याला आज्ञा द्यावयाच्या त्या भोंकें पाडलेल्या कागदी फितीवरून. थोड्याच दिवसांत विल्क्स यांना उमगलें कीं, यंत्र बांधण्यापेक्षां त्याला निर्दोष आज्ञा देणें हेंच अधिक कठीण आहे. आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराच भाग स्वतःच्या चुका शोधण्यांत जाणार, ही जाणीव त्यांना त्या वर्षींच झाली, असें त्यांनीं पुढें लिहून ठेवलें आहे. मग वर्गमूळ काढणें, संख्या छापणें अशीं जीं कामें वारंवार लागतात, त्यांच्या आज्ञा प्रत्येकानें नव्यानें कां लिहाव्या? एकदां नीट लिहून, पारखून त्यांच्या फिती कपाटांत ठेवाव्या आणि ज्याला हव्या त्यानें त्यांची नक्कल आपल्या फितींत घालावी, अशी योजना निघाली. तिला त्यांनीं लायब्ररी हेंच नांव दिलें. डेव्हिड व्हीलर या तरुण विद्यार्थ्यानें मुख्य कामांतून अशा उपकामाकडे जाऊन पुन्हां मूळ जागीं परत येण्याची युक्ति बसविली. १९५१ सालीं विल्क्स, व्हीलर व स्टॅन्ली गिल या त्रयीनें या पद्धतीवर ग्रंथहि प्रसिद्ध केला.

येथें एक बारकावा लक्षांत ठेवावा. केंब्रिजचा उपासक कपाटांतील फीत वापरीत नसे. तिची नक्कल वापरीत असे. म्हणजे ती वहींत उतरविण्याचीच रीत झाली. पुढें मोठमोठे प्रोग्रॅम तुकड्यातुकड्यांनीं लिहिले जाऊं लागले, आणि ते तुकडे व लायब्ररींतील उताऱ्यांच्या नकला एकत्र शिवून अखंड प्रोग्रॅम तयार करणारा एक स्वतंत्र प्रोग्रॅम निर्माण झाला. त्याला लिंकर, म्हणजे सांधणारा, असें म्हणतात.

तक्त्याची कल्पना कोणाला सुचलीच नव्हती असें मात्र नव्हे. १९६५ च्या सुमारास अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्सची तंत्रविद्येची संस्था, जनरल इलेक्ट्रिक कंपनी व बेल प्रयोगशाळा यांनीं मिळून मल्टिक्स नांवाची भव्य संगणकव्यवस्था आरंभिली. तींत प्रोग्रॅम चालत असतां ज्या क्षणीं एखाद्या उपकामाची गरज पडेल त्या क्षणींच तें शोधून जोडावें, आणि एकच प्रत सर्वांनीं वापरावी, अशी सोय होती. परंतु तो प्रपंच अवाढव्य झाला. १९६९ सालीं बेल प्रयोगशाळा त्यांतून बाहेर पडली, आणि तिच्याच कांहीं माणसांनीं युनिक्स नांवाची लहान व सुटसुटीत व्यवस्था रचली. युनिक्सनें वहीची साधी रीत पत्करली. प्रोग्रॅम लहान होते, म्हणून तें कित्येक वर्षें खपून गेलें.

१९८० नंतरच्या दशकांत संगणकाच्या पडद्यावर चित्रें व चौकटी आल्या, तेव्हां हिशेब बदलला. चौकटी काढणाऱ्या लायब्रऱ्या एवढ्या मोठ्या होत्या कीं, एखादें क्षुल्लक घड्याळ पडद्यावर दाखविणारा प्रोग्रॅमहि त्यांच्या नकलेमुळें लठ्ठ होई. दहा प्रोग्रॅम एकदम चालले म्हणजे एकच मजकूर स्मृतींत दहा वेळां भरला जाई. आतां भिंतीवर तक्ता लावण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं.

पण तक्ता लावावा तरी कोठें? प्रत्येक प्रोग्रॅमच्या स्मृतींत मोकळी जागा निरनिराळ्या ठिकाणीं असावयाची. युनिक्सच्या एका शाखेनें प्रत्येक लायब्ररीस कायमचा पत्ता नेमून दिला. लिनक्सनेंहि आरंभीं तेंच केलें. त्यामुळें लायब्ररी वाढली कीं शेजारणीच्या अंगणांत पाय पडे, आणि पत्ते वांटण्याचें काम कोणा एकाला करीत बसावें लागे. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनें १९८८ सालीं आपल्या सनओएस व्यवस्थेच्या चवथ्या आवृत्तींत अधिक शहाणपणाचा मार्ग रूढ केला. घर सांगतांना "पेठेंतील ४१२ क्रमांकाचा वाडा" असें न म्हणतां "येथून चाळीस पावलें पुढें" असें म्हटलें, तर सबंध पेठ उचलून दुसरीकडे नेली तरी खूण चुकत नाहीं. लायब्ररींतील आज्ञा अशा सापेक्ष पत्त्यांनीं लिहावयाच्या, आणि बाहेरच्या पत्त्यांची एक छोटी यादी प्रोग्रॅम सुरू होतांना भरून घ्यावयाची, अशी ती युक्ति. पुढें एल्फ नांवाच्या फाइल-रचनेंत ती स्थिर झाली, आणि १९९५ च्या सुमारास लिनक्सनेंहि ती स्वीकारली.

तत्त्व एक झालें, पण बोली अनेक झाल्या. सनच्या संकलकाला, म्हणजे कंपायलरला, सापेक्ष पत्त्यांसाठीं एक खूण द्यावी लागे, ह्यूलेट-पॅकार्डच्या संकलकाला दुसरी. इतरांच्या खुणा उणे चिन्हानें सुरू होत, तर याची अधिक चिन्हानें! तयार लायब्ररीच्या नांवाचा शेवटहि प्रत्येकाचा निराळा. आयबीएमची तऱ्हा तर आणखीच वेगळी. ज्याला आपला प्रोग्रॅम वीस प्रकारच्या यंत्रांवर चालावा असें वाटे, त्याला वीस बोली शिकणें प्राप्त झालें.

ही अडचण सर्वांत अधिक भोंवली ती ग्नू प्रकल्पाच्या मंडळींना. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं जाहीर केलेल्या या प्रकल्पाचें व्रतच असें कीं, प्रोग्रॅमचा मूळ मजकूर सर्वांस खुला असावा. आणि ज्यानें त्यानें तो आपापल्या यंत्रावर बांधून घ्यावा. यंत्राची परीक्षा करून त्याप्रमाणें बांधणी ठरविणारें ऑटोकॉन्फ हें साधन डेव्हिड मॅकेन्झी यांनीं १९९१ सालीं काढलें. १९९४ सालीं ऑटोमेकचा आरंभ झाला. सामायिक लायब्ररीचा तिढा मात्र राहिला. तो गॉर्डन मात्झिकाइट यांनीं लिबटूल हें साधन रचून सोडविला. १९९७ सालीं त्याची पहिली पक्की आवृत्ति निघाली.

माझ्या विद्यार्थ्यानें तें माझ्यासमोर चालवून दाखविलें. चित्रें नाहींत, बटणें नाहींत; काळ्या पडद्यावर एकेक ओळ लिहावयाची. नेहमींच्या संकलकाच्या आज्ञेपूर्वीं लिबटूलचें नांव घालावयाचें, एवढेंच. पहिल्या ओळीनें संकलन होतें. तेव्हां लिबटूल त्या यंत्राची खूण आपणच घालून एकाच मजकुराचे दोन तुकडे करतें, एक तक्त्यासाठीं व एक वहीसाठीं, आणि दोहोंची नोंद एका लहानशा फाइलींत ठेवतें. दुसऱ्या ओळीनें सांधणी होते; तींत लायब्ररी पुढें कोठें राहणार तो ठिकाणा सांगावा लागतो. तिसऱ्या ओळीनें ती त्या ठिकाणीं नेऊन बसविली जाते. लायब्ररी बसविण्यापूर्वीं प्रोग्रॅम तपासावयाचा असेल, तर लिबटूल त्याच्यापुढें एक मध्यस्थ उभा करतें. तो त्याला अर्धवट बांधलेली लायब्ररी कोठें आहे तें सांगतो. वीस बोली बोलणारा हा दुभाषा भेटल्यामुळें लेखकाला एकच बोली पुरूं लागली.

मला सर्वांत मोह पडला तो लिबटूलच्या तीन आंकड्यांचा. तक्ता बदलला तर जुन्या विद्यार्थ्यांचें काय, या प्रश्नाचें तें उत्तर आहे. पहिला आंकडा चालू क्रमांक, दुसरा सुधारणेचा, तिसरा वयाचा. समजा, लायब्ररी ३, ०, ० अशी आहे. आंतली चूक दुरुस्त केली, बाहेरचा व्यवहार तोच ठेवला, तर ३, १, ०. जुनें सर्व राखून एक नवीन सोय घातली, तर ४, ०, १. एखादी जुनी सोय काढून टाकली, तर ५, ०, ०. आतां लिनक्सवर लायब्ररीचें ओळखीचें नांव ठरतें तें पहिल्या आंकड्यांतून वय वजा करून. ४ मधून १ गेला, राहिले ३. म्हणून जुना प्रोग्रॅम ३ हें नांव शोधीत आला तरी त्याला आपलें घर सांपडतें. ५ मधून शून्य गेलें, राहिले ५. नांव बदललें, आणि जुन्या प्रोग्रॅमला नव्या घराशीं बळेंच जोडलें जात नाहीं. तिसरींतील वजाबाकी, पण तिच्यांत केवढें वचन सांठविलेलें आहे! अर्थात् आंकडे लिहिणाऱ्यानें ते प्रामाणिकपणें लिहिले पाहिजेत. खोट्या आंकड्याला लिबटूल हटकीत नाहीं.

लिबटूलला निंदकहि पुष्कळ लाभले. तें हजारों ओळींचें, संथ आणि दुर्बोध आहे, अशी ओरड झाली; यंत्रांची विविधताहि ओसरली, आणि अनेक प्रकल्प सीमेक, मेसन अशा नव्या साधनांकडे वळले. दुभाषा तरी किती दिवस लागणार? पण तक्त्याची रीत मात्र सर्वत्र राहिली. आपण पडद्यावर जीं मराठी जोडाक्षरें वाचतों, त्यांची जुळणी असंख्य प्रोग्रॅम हार्फबझ नांवाच्या लायब्ररीकडून करवून घेतात. रफाराची एक चूक तेथें सुधारली कीं ती सामायिकपणें वापरणारे सारे प्रोग्रॅम सुधारतात.

या रीतीचें बळ आणि तिचा धोका, दोन्ही आपल्या काळांत दिसून आले. एप्रिल २०१४ मध्यें ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या लायब्ररींत हार्टब्लीड नांवाची भयंकर चूक उघडकीस आली. जेथें ती लायब्ररी सामायिक होती, तेथें एक प्रत बदलून प्रोग्रॅम पुन्हां सुरू करणें पुरेसें झालें. जेथें नकला होत्या, तेथें प्रत्येक प्रोग्रॅम नव्यानें बांधावा लागला. माझ्या वीस वह्यांची आठवण झाली.

दुसरा प्रसंग मार्च २०२४ चा. एक्सझेड ही मजकूर दाबून लहान करणारी लायब्ररी. ती ऑटोकॉन्फ, ऑटोमेक व लिबटूल यांच्याच साह्यानें बांधली जात असे. तिच्या कामांत कोणी एक मनुष्य टोपणनांवानें शिरला, दोनेक वर्षें निमूटपणें मदत करून त्यानें विश्वास संपादिला, आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांच्या बांधणीच्या मजकुरांत असें कांहीं दडवून ठेवलें कीं, लायब्ररी बांधली जात असतांनाच तींत चोरदरवाजा बसावा. कांहीं लिनक्स व्यवस्थांत दूरच्या संगणकांत प्रवेश देणाऱ्या प्रोग्रॅमपर्यंत ही लायब्ररी साखळीनें पोंचत होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला प्रवेशास सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो असें दिसलें. त्यानें तेवढ्या विलंबाचा पिच्छा पुरविला, आणि २९ मार्च रोजीं कट उघड केला. रात्रीं कोणी वर्गांत शिरून तक्त्यावरचा आंकडा बदलला होता. चाळीस मुलांतील एकानें तो सकाळीं मोजून पाहिला!

यावरून वह्याच बऱ्या, असा निष्कर्ष मी काढणार नाहीं. वहींतहि तीच चूक उतरली असती, आणि तेथून ती पुसण्यास जन्म गेला असता. ज्ञान सामायिक केल्याशिवाय तें वाढत नाहीं. पण सामायिक वस्तूची राखण हें कोणा एकट्याचें काम समजून आपण निजलों, तर तीच वस्तु सर्वांना एकदम बुडविते. माझ्या वर्गांतील वीस मुलें दोन महिने तो तक्ता वाचीत होतीं. सतरा नवदां मिळवून पाहावे, असें त्यांपैकीं एकासहि वाटलें नाहीं, कारण तसें पाहावें हें मीं त्यांना शिकविलेंच नव्हतें. दुसऱ्या वर्षापासून मीं तक्ता लावला कीं मुलांना प्रथम त्यांतील चूक शोधावयास सांगत असें. चूक बहुधा नसे. पण शोधण्याची संवय राही.