वारंवार गर्भपात होतोय? एकट्या सुनेची नको, दोघांचीही तपासणी करा

सारंगखेडा : दोन-तीन वेळा दिवस राहून गर्भ पडला की गावात बोट सुनेकडेच दाखवलं जातं. पण अशा 100 जोडप्यांपैकी साधारण 3 ते 5 जोडप्यांत नवरा किंवा बायको, एकाच्या गुणसूत्रांची अदलाबदल झालेली असते.

नेमकं काय होतं?
आपल्या पेशीत 46 गुणसूत्रं असतात. एकाचा तुकडा दुसऱ्याला जोडला गेला, तरी एकूण माल तेवढाच राहतो. म्हणून माणूस ठणठणीत असतो. बाळाकडे मात्र निम्मीच गुणसूत्रं जातात. त्यात तुकडा कमी-जास्त झाला तर गर्भ टिकत नाही किंवा बाळात व्यंग राहतं.

तपासणी कोणती?
दोघांच्या रक्ताची ‘कॅरिओटाइप’ तपासणी. सिकलसेलच्या तपासणीत हे कळत नाही.

उपाय काय?
मुंबईच्या केईएम रुग्णालयात 1986 मध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. त्याच पद्धतीत आता पाच-सहा दिवसांच्या भ्रूणाच्या थोड्या पेशी तपासतात आणि योग्य भ्रूणच गर्भाशयात सोडतात. खर्च मोठा आहे आणि दरवेळी योग्य भ्रूण मिळेलच असं नाही. अशा जोडप्यांना नैसर्गिकरीत्याही निरोगी बाळ होऊ शकतं. त्यामुळे कर्ज काढण्याआधी जनुकीय समुपदेशकाचा सल्ला घ्यावा.

कायदा काय सांगतो?
आनुवंशिक आजारासाठी भ्रूण तपासता येतो. मुलगा की मुलगी हे पाहणं मात्र गुन्हा आहे.