चाकाची किंकाळी



बुलढाण्याहून मलकापूरकडे जाताना राजूर घाट उतरावा लागतो. एस. टी.चा ड्रायव्हर वळणावर ब्रेक दाबतो आणि चाकातून एक लांब, कानात घुसणारी किंकाळी निघते. पुढच्या बाकावरची म्हातारी देवाचे नाव घेते. ड्रायव्हर मात्र ढिम्म असतो. गाडी वाजली म्हणजे ब्रेक लागला, असा त्याचा हिशेब. संघटनेच्या कामासाठी या घाटातून मी वर्षानुवर्षे ये-जा केली आणि ही किंकाळी येते कुठून, याचे कुतूहल मला तिथेच लागले.

आजचा विषय विमानाच्या चाकांच्या ब्रेकचा आहे. आपल्या जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही, तेव्हा ही उठाठेव कशाला, असे कुणी म्हणेल. पण विमानाचा ब्रेक आपल्या बैलगाडीच्या आणि आगगाडीच्याच घराण्यातला आहे. फिरत्या चाकावर न फिरणारी वस्तू दाबायची आणि गतीची उष्णता करून टाकायची, एवढेच ते सारे प्रकरण.

1870 साली लॉर्ड मेयो खामगावला आले आणि जलंब ते खामगाव ही कापसासाठी बांधलेली छोटी आगगाडी सुरू झाली. त्या काळात गाडी थांबवायची म्हणजे इंजिनावर आणि गार्डाच्या डब्यात हाताने फिरवायचे ब्रेक. लाकडाचे किंवा बिडाचे ठोकळे चाकावर आवळायचे. ते किती आवळावेत, हा सगळा माणसाच्या अंदाजाचा कारभार होता. या अंदाजाला पहिली शिस्त लावली कॅप्टन डग्लस गाल्टन यांनी. 1878 साली इंग्लंडात जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांच्या सहकार्याने त्यांनी धावत्या गाडीवर प्रयोग केले. लोक समजत होते की घर्षण नेहमी सारखेच असते. गाल्टन यांना दिसले ते निराळेच. ताशी साठ मैलांवर बिडाचा ठोकळा चाकाला जेवढे धरतो, त्याच्या सुमारे चौपट तो चाक थांबत आले असता धरतो.

किंकाळीचे रहस्य इथेच आहे, म्हणून जरा थांबू. गती कमी होताना पकड वाढत असेल, तर ठोकळा चाकाला चिकटतो, ताणला जातो, सुटतो, पुन्हा चिकटतो. हे सेकंदाला शेकडो वेळा घडते. सारंगीवर राळ लावलेला गज फिरतो तेव्हा नेमके हेच होते. तार गजाला चिकटते आणि सुटते, म्हणून सूर निघतो. गजाखाली तार असली की संगीत, ठोकळ्याखाली लोखंड असले की किंकाळी. एकदा कंप सुरू झाला की घर्षणच त्याला खतपाणी घालते. म्हणून ब्रेकचा आवाज नुसते वंगण घालून जात नाही. शिवाय ब्रेकला वंगण घालणे म्हणजे ब्रेकच काढून टाकणे!

आता मनुष्य पहा. इंग्लंडातल्या डर्बीशायरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थाने पाहिले की, उतारावर गाडीवान लाकडी ब्रेकच्या ठोकळ्यावर जुन्या बुटाचे कातडे ठोकतात. कातडे मऊ, म्हणून पकड चांगली. 1897 पासून तो या उद्योगाला लागला. त्याने कापसाचे जाड विणलेले पट्टे डांबरासारख्या पदार्थांत मुरवून ब्रेकचे अस्तर केले. वऱ्हाडच्या माणसाला हे वाचून मौज वाटते: कापसाने चाक थांबवायचे! पण कापूस तापला की जळतो. मोटारी आल्या, वेग वाढला आणि कापूस हरला.

त्याच सुमारास, 1902 साली, फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअराने चाकाबरोबर फिरणारी धातूची तबकडी आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटा, अशा ब्रेकचे पेटंट घेतले. चिमट्याला तांब्याचे अस्तर होते. ब्रेक चांगला होता, पण त्याच्या किंचाळण्याने रस्त्यावरची माणसे हैराण होत. तोड निघाली फ्रूडच्या नव्या अस्तराने. ते अस्तर होते ॲस्बेस्टॉसचे. हा दगडाचा धागा. जळत नाही, झिजतो हळू, आणि धातूवर धातू घासत नाही म्हणून किंकाळी दबते. पुढची सत्तर-ऐंशी वर्षे जगातल्या मोटारी, आगगाड्या आणि विमानेही याच धाग्याच्या भरवशावर थांबत होती.

ती शांतता कुणी विकत घेतली, हे इतिहासाच्या पुस्तकात फार खाली, बारीक अक्षरांत असते. 1924 साली इंग्लंडातल्या रॉचडेल गावी ॲस्बेस्टॉस कातणारी नेली केरशॉ नावाची कामगार स्त्री फुप्फुसाच्या विकाराने वारली. वय अवघे तेहतीस. डॉ. कुक यांनी तिच्या फुप्फुसातले धागे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ते वैद्यकीय नियतकालिकात मांडले. 1930 मध्ये मेरेवेदर आणि प्राइस यांचा सरकारी अहवाल आला, 1931 मध्ये तिकडे नियम झाले. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 27 जानेवारी 1995 रोजी निकाल दिला: ॲस्बेस्टॉसच्या कामगाराची आरोग्यनोंद कामाच्या आरंभापासून चाळीस वर्षे किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, यांतली जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत ठेवावी. रोग वीस-तीस वर्षे दबा धरून बसतो, म्हणून ही लांब मुदत. 1924 ते 1995 ही वजाबाकी ज्याची त्याने करावी.

असो. विमानाकडे वळू. आरंभीच्या विमानांना ब्रेकच नव्हते; शेपटीखालची काठी गवतावर घासत थांबायचे. पक्क्या धावपट्ट्या आल्या, वजने वाढली, तेव्हा तबकडीचा ब्रेक विमानाने उचलला. तिथून तो मोटारीकडे परत आला. 1953 साली ल मान्सची शर्यत जॅग्वार गाडीने डनलॉपच्या तबकडी ब्रेकवर जिंकली. आपल्या शेगाव-मलकापूरच्या फलाटावर आज जे लाल एलएचबी डबे येतात, त्यांच्या आसांवरही तबकड्याच आहेत. जुने डबे थांबताना होणारा कर्कश आवाज आणि या डब्यांचा सुस्कारा, कुणीही कान देऊन ताडून पहावा.

विमानाची गोष्ट मात्र भारी असते. साठ-पासष्ट टनांचे विमान ताशी अडीचशे किलोमीटरने टेकते आणि अर्ध्या मिनिटात त्याला आवरावे लागते. म्हणून एका चाकात एक तबकडी पुरत नाही. फिरणाऱ्या आणि स्थिर अशा तबकड्यांची चळत असते, भाकरीवर भाकरी ठेवावी तशी. आवाजही इथे एकाच जातीचा नाही. स्थिर तबकड्या आसाभोवती पुढे-मागे थरथरतात ती एक किंकाळी. चळत कलंडून भोवऱ्यासारखी डुलते ती दुसरी जात. आणि तिसरी सर्वांत दांडगी: चाकाचा सगळा पायच सेकंदाला दहा-बारा वेळा पुढे-मागे चालू लागतो. चाक घसरू नये म्हणून ब्रेक क्षणोक्षणी सैल-घट्ट करणारे यंत्र विमानात असते. त्याचा ठेका पायाच्या स्वतःच्या ठेक्याशी जुळला की झोपाळ्याला वेळेवर धक्का दिल्यासारखे होते. प्रवाशाला नुसते गुरगुरणे ऐकू येते, पण आत तेलाच्या नळ्या आणि बोल्ट थकत असतात. उपायही त्या-त्या जातीचे. यंत्राचा ठेका बदलतात. दांड्यांची जाडी बदलून कंपांची गाठ पडू देत नाहीत. ब्रेक दाबणाऱ्या तेलाच्या वाटेत बारीक छिद्र ठेवतात, म्हणजे थरथर तेल ढकलण्यातच दमून जाते.

कॉन्कॉर्डने 1976 साली प्रवासी सेवा सुरू केली ती कार्बनचे ब्रेक घेऊन. ते हलके आणि लाल होईपर्यंत तापले तरी टिकणारे. आपल्याकडे तेजस विमानासाठी हैदराबादच्या संरक्षण प्रयोगशाळेने असल्या तबकड्या घडवल्या. पण कार्बनचीही एक खोड आहे: तो हवेतला ओलावा पितो. थंड, ओलसर ब्रेक धावपट्टीकडे हळूहळू जाताना एक वागतो, तापला की दुसरेच. घर्षण एकदम बदलते आणि पुन्हा कंप. गाल्टन यांचे कोडे नव्या कपड्यांत परत आले, एवढेच.

मागे एका गॅरेजात मी गेलो होतो. गाव सांगत नाही. पोरगा ट्रकचा ड्रम उघडून हवेच्या नळीने आतली भुकटी उडवत होता. मालक म्हणाला, ‘‘साफ नाही केलं तर ब्रेक वाजतो ना, साहेब.’’ हे खरेच आहे. साचलेल्या भुकटीने ब्रेक वाजतो. अस्तर कसले आहे, असे मी विचारले. खोका केव्हाच फेकला होता. मी पोराला ओले फडके घ्यायला सांगितले. मालकाने ते आणून दिले. आम्ही चहा घेत होतो तोवर पोरगा त्याने पुसत होता. मी रस्त्याला लागलो तेव्हा मागून नळीचा फुस्कारा पुन्हा ऐकू आला. मी परत फिरलो.