घाटमाथ्यावरचे पाणी आणि मुंबईची वीज

उंचावरच्या पाण्याची स्थितिज ऊर्जा म्हणजेच पुढे वीज, हे आपण वर्गात एका ओळीत सांगतो. या ओळीमागचा इतिहास मात्र पाठ्यपुस्तकात सहसा नसतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या कापडगिरण्या कोळशाच्या वाफेवर चालत. कोळसा दुरून आणावा लागे, आणि गिरण्यांचा धूर शहरावर पसरे. सह्याद्रीचा पाऊस साठवून त्यापासून वीज करावी, ही कल्पना जमशेटजी टाटांनी उचलून धरली. ते १९०४ साली वारले. १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १९१५ साली खोपोलीचे केंद्र सुरू झाले. पुढे भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) ही केंद्रे आली.

यातली युक्ती भूगोलाची आहे. लोणावळ्याचे पाणी स्वभावतः इंद्रायणीतून पूर्वेकडे, थेट बंगालच्या उपसागराकडे जाते. ते धरणात अडवून पश्चिमेला सोडले, की नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली कोसळते. गणित करून पाहू. एक घनमीटर, म्हणजे १००० किलो पाणी ५०० मीटर खाली आले, तर १००० × ९.८ × ५०० = ४९ लाख ज्यूल ऊर्जा मिळते. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे यंत्रांतली घट सोडली, तर साधारण सव्वा ते दीड युनिट!

या गणितात एक रक्कम येत नाही. भिऱ्याच्या केंद्रासाठी मुळशीला धरण बांधायचे ठरले, तेव्हा मावळातली भातखाचरे पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्याचे नेते झाले आणि लोक त्यांना ‘सेनापती’ म्हणू लागले. स्त्रियाही तुरुंगात गेल्या. पुष्कळ जमिनी सावकारांकडे गेलेल्या असल्याने भरपाई कसणाऱ्याच्या हाती पडेल, याचीही खात्री नव्हती. १९२४ पर्यंत लढा ओसरला आणि धरण पुरे झाले. धरणामुळे उठवलेल्या माणसांनी केलेल्या भारतातल्या अगदी पहिल्या संघटित लढ्यांत त्याची गणना होते.

कोळशाचा धूर कमी झाला, हा लाभ खरा होता. पण तो मुंबईला मिळाला आणि त्याची किंमत मावळाने दिली. म्हणून वर्गात जलविद्युत शिकवताना नकाशाही उघडावा, असे आम्हांला वाटते. पाणी कुठून वळले, वीज कुठे गेली आणि कोणाची शेते बुडाली, हे तीन प्रश्न मुलांना जरूर विचारावेत. आपल्या जिल्ह्यातल्या धरणालाही ते लागू पडतात.