राजीनाम्यांतील राजी

आज ‘राजीनामा’ म्हटला कीं पद सोडणारा मंत्री अथवा नोकरदार डोळ्यांपुढें येतो. परंतु सोलापूरकडील जुन्या महसुली व्यवहारांत हा शब्द जमिनीसाठीं योजिला जात असे. शेत सोडणारानें राजीनामा द्यावा व घेणारानें कबुलायत लिहावी, असा तो क्रम होता.

१८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनीं शेजारच्या इंदापूर तालुक्यांत जी सर्व्हे-पद्धति सुरू केली, तीच पुढें सोलापूरकडेहि आली. साऱ्याचा दर तीस वर्षांकरितां ठरे. रयत मात्र तितकीं वर्षें बांधलेली नसे. वर्षअखेर शेताचा राजीनामा देऊन तिला साऱ्यांतून मोकळें होतां येई. ज्या मुलुखांत पावसाचा नेम नाहीं, तेथें ही मुभा रयतेची ढालच होती.

पण हीच ढाल सावकाराच्या हातीं तलवार झाली. कर्ज फिटेना, तेव्हां ऋणकोनें राजीनामा द्यावा, सावकारानें कबुलायत द्यावी, कीं खातें फिरलें! कालचा खातेदार आज त्याच शेतांत कूळ म्हणून राबूं लागे. १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांत कर्जरोख्यांच्या होळ्या झाल्या. त्यानंतर १८७९ चा दक्षिणेंतील शेतकऱ्यांचा कायदा सोलापुरासहि लागू झाला, व रोख्यामागील खरा व्यवहार उकरून पाहण्याचा अधिकार न्यायाधीशास मिळाला.

कूळ जेव्हां आपला हक्क मालकाच्या हवालीं करतें, तेव्हांहि प्रश्न हाच उरतो. १८८२ च्या मिळकत-हस्तांतराच्या कायद्यानें भाडेपट्टा सोडण्याचे उघड व गर्भित असे दोन प्रकार मानले. दोहोंचा पाया उभयतांची संमति हाच. परंतु ज्याच्या घरीं उद्यांची भाकर नाहीं, त्याच्या संमतीस किती मोल द्यावें? म्हणूनच मुंबई इलाख्याच्या १९४८ च्या कूळ कायद्यानें असा त्याग लेखी व मामलेदारासमोर झाला पाहिजे असें ठरविलें. कुळास परिणाम समजला आहे व तें स्वखुशीनें बोलत आहे, अशी खातरी करून घेण्याचें काम पुढें मामलेदाराकडेच आलें. १ एप्रिल १९५७ रोजीं पुष्कळ कुळें कायद्यानें मालक मानलीं गेलीं. त्यापूर्वीं उठविलेल्या एका अंगठ्यानें काय गमावलें जात होतें, हें यावरून वाचकांच्या ध्यानीं येईल.

कागदावरील अंगठा ही संमतीची खूण खरी. पण खूण म्हणजे संमति नव्हे. एवढें उमगावयास आमच्या कायद्यास शंभरांवर वर्षें लागलीं. घरांत जुना राजीनामा सांपडल्यास वाचकांनीं तारखेबरोबरच त्या सालीं पाऊस किती झाला होता, हेंहि विचारावें, असें आम्हांस वाटतें.