ऑनलाइन खरेदी : छापील सवलत आणि खरा भाव

किराणा दुकानात ग्राहक पुडा हातात घेतो, उलटसुलट करून पाहतो. हलका लागला तर दुकानदाराला विचारतो. मोबाइलच्या पडद्यावर ही सोय नसते. तिथे २०० ग्रॅमची बरणी आणि ५०० ग्रॅमची बरणी एकाच मापाच्या चौकटीत, एकाच उंचीची दिसते. किंमत ठळक, सवलतीची टक्केवारी त्याहून ठळक आणि वजन मात्र खाली फिक्या राखाडी अक्षरांत. ऑनलाइन फसगत म्हटली की मोबाइलऐवजी साबणाची वडी निघाल्याच्या बातम्या आठवतात. पण रोजच्या खरेदीत पैसे जातात ते अशा गाजावाजा न होणाऱ्या ठिकाणी, आणि तेही बहुधा पूर्णपणे कायदेशीर मार्गाने.

वजनाने भागलेला भाव

खाद्यतेलाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. एक लिटर सोयाबीन किंवा सूर्यफूल तेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते, आणि वर्षानुवर्षे पिशवीवर हे दोन्ही आकडे छापून येत. ग्राहकाच्या डोक्यात 'एक पिशवी म्हणजे एक लिटर' हे पक्के बसले. आता ८५० ग्रॅम, ८०० ग्रॅम, ७५० ग्रॅम अशाही पिशव्या मिळतात आणि फोटोत त्या एक लिटरच्या पिशवीसारख्याच दिसतात. समजा ॲपवर दोन पिशव्या शेजारी शेजारी आहेत : एक १४५ रुपयांची, दुसरी १५२ रुपयांची. पहिली सात रुपयांनी स्वस्त वाटते. पण पहिलीत ८५० ग्रॅम तेल आहे आणि दुसरीत ९१० ग्रॅम. किलोचा भाव काढला तर पहिली सुमारे १७०.६० रुपये आणि दुसरी सुमारे १६७ रुपये. म्हणजे स्वस्त दिसणारे तेल किलोमागे साडेतीन रुपयांनी महाग.

हे आत्ताच का वाढले, याला कारण आहे. चहा, बिस्किटे, तेल, साबण अशा अनेक वस्तू ठरावीक वजनाच्या पुड्यांतच विकाव्यात, अशी यादी वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांत होती. २०२१ च्या दुरुस्तीत ती यादी काढून टाकण्यात आली. उत्पादकांना कोणत्याही वजनाचा पुडा करण्याची मोकळीक मिळाली. त्या बदल्यात पुड्यावर एकक विक्री किंमत, म्हणजे एका ग्रॅमचा, किलोचा, मिलीलिटरचा, लिटरचा किंवा नगाचा भाव छापणे बंधनकारक झाले. कल्पना चांगली आहे. ग्राहकाने भागाकार करू नये, पुड्यानेच तो करून द्यावा.

अंमलबजावणीत मात्र दोन खोचा आहेत. पहिली अशी की छापील एकक किंमत कमाल किरकोळ किमतीवरून, म्हणजे एमआरपीवरून काढलेली असते. ऑनलाइन दुकानात माल एमआरपीला क्वचितच विकला जातो. एका पुड्यावर ५ टक्के आणि दुसऱ्यावर २० टक्के सवलत असेल तर छापील एकक किमतींची तुलना निरुपयोगी ठरते, भागाकार पुन्हा ग्राहकाकडेच येतो. दुसरी खोच अधिक नाजूक आहे. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पुड्यावर भाव ग्रॅममध्ये आणि जास्त वजनाच्या पुड्यावर किलोमध्ये द्यायचा असतो. त्यामुळे अर्ध्या किलोच्या पुड्यावर '०.२४ रुपये प्रतिग्रॅम' आणि दोन किलोंच्या पुड्यावर '२३८ रुपये प्रतिकिलो' असे दिसते. ०.२४ ला हजाराने गुणले की २४० येतात, हे ठीक. पण हा आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्ण केलेला असतो. मूळ भाव किलोला २३५ पासून जवळजवळ २४५ रुपयांपर्यंत कुठेही असू शकतो. लहान पुडा स्वस्त की मोठा, हे त्या छापील आकड्यावरून कळतच नाही.

मोठा पुडा स्वस्त पडतो हा समज तर तपासल्याशिवाय मानूच नये. 'फॅमिली पॅक' असे लिहिलेल्या दोन किलोंच्या पिशवीपेक्षा सवलतीतल्या अर्ध्या किलोच्या चार पिशव्या स्वस्त पडल्याची उदाहरणे रोज सापडतात. शाम्पूच्या बाबतीत अनेकदा एक-दोन रुपयांच्या छोट्या पाकिटांचा मिलीलिटरचा भाव बाटलीपेक्षा कमी निघतो; कचरा मात्र जास्त होतो, तो हिशेब वेगळा. घाऊक भावाचा फायदा घ्यायचाच तर जुना मार्ग एकत्र येण्याचा आहे. १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारची कुटुंबे संघ करून महिन्याचा किराणा एकत्र मागवतात आणि आपापसांत वाटून घेतात. एकट्याने मोठी पिशवी घेऊन अर्धी किडीला घालण्यापेक्षा ते बरे.

वजन सारखे असले तरी माल सारखा असतोच असे नाही. साबणाच्या वेष्टनावर टीएफएम, म्हणजे एकूण स्निग्ध पदार्थांचे प्रमाण लिहिलेले असते. पहिल्या दर्जाच्या अंगाच्या साबणात ते किमान ७६ टक्के असावे लागते, दुसऱ्यात ७०, तिसऱ्यात ६०. त्याहूनही कमी प्रमाणाच्या वड्या 'बेदिंग बार' या नावाने विकल्या जातात आणि त्या लवकर विरघळतात. चार वड्यांच्या संचाचे भाव ताडून पाहताना हा आकडा मागच्या बाजूच्या फोटोत शोधावा. तो फोटोच दिलेला नसेल तर तेही बरेच काही सांगते. 'आइस्क्रीम' आणि 'फ्रोझन डेझर्ट' यांतला फरकही असाच : पहिल्यात दुधाची स्निग्धता, दुसऱ्यात वनस्पती तेलाची. फोटोतला गोळा दोन्हीकडे सारखाच पांढराशुभ्र.

खोडलेली किंमत

'५,९९९ रुपये' वर आडवी रेघ, खाली '१,९९९ रुपये' आणि शेजारी हिरव्या अक्षरांत '६७ टक्के सूट'. या चौकटीत खरी माहिती एकच आहे : मिक्सर १,९९९ रुपयांना मिळतो आहे. बाकी सजावट.

सर्व करांसह एमआरपी छापण्याची पद्धत १९९० मध्ये आली. त्याआधी पुड्यावर 'स्थानिक कर वेगळे' असे असे आणि दुकानदार त्या नावाखाली मनाला येईल ती भर घाली. एमआरपीचा हेतू ग्राहकाला वरची मर्यादा कळावी हा होता, आणि तो बराच सफल झाला. पण ती किंमत उत्पादकच ठरवतो. सरकारने भाव बांधून दिलेली औषधे आणि अशा मोजक्या वस्तू सोडल्या तर ती किती उंच असावी याला बंधन नाही. म्हणून सवलतीची टक्केवारी वाढवण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे एमआरपी वाढवणे. ज्या किमतीला ती वस्तू कुठेच विकली गेली नाही, तिच्यावरची सूट ही सूट नव्हे.

मग तुलना कशाशी करायची? त्याच वस्तूच्या मागच्या भावाशी. 'कीपा' आणि 'बायहटके' यांसारखी साधने एखाद्या वस्तूची किंमत गेल्या काही महिन्यांत कशी वरखाली झाली, याचा आलेख दाखवतात. दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये हा आलेख फार उपयोगी पडतो. सेलच्या आधी दोन-तीन आठवडे किंमत हळूच चढलेली आणि सेलच्या दिवशी ती जुन्या पातळीवर 'उतरलेली' असेल तर ते लगेच डोळ्यांत भरते. आलेख पाहणे जमत नसेल तर हवी ती वस्तू महिनाभर आधी कार्टमध्ये टाकून ठेवावी आणि त्या दिवशीच्या किमतीचा स्क्रीनशॉट काढावा. साधे आहे, पण पुरेसे आहे.

दोन संकेतस्थळांवर तुलना करताना नावावर जाऊ नये, मॉडेल क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवावा. टीव्ही आणि वॉशिंग मशिनच्या बाबतीत कंपन्या प्रत्येक विक्रेत्यासाठी किंचित वेगळ्या क्रमांकाचे मॉडेल काढतात. कुठे एक पोर्ट कमी असतो, कुठे आतले पाते वेगळे असते. 'कुठेही कमी भावात मिळाल्यास फरक परत' अशी हमी देणे मग सोपे होते, कारण तेच मॉडेल दुसरीकडे मिळतच नाही.

एकाच संकेतस्थळावर एकच वस्तू अनेक विक्रेते विकत असतात, हेही पुष्कळांच्या लक्षात येत नाही. खरेदीच्या मोठ्या बटणामागे जो विक्रेता असतो तो सर्वांत स्वस्त असेलच असे नाही. 'इतर विक्रेते' ही ओळ खाली असते, ती उघडून पाहावी. शोधल्यावर वर येणाऱ्या पहिल्या दोन-चार वस्तू अनेकदा 'प्रायोजित' असतात. त्या जाहिराती आहेत, शिफारशी नव्हेत.

कार्टपासून बिलापर्यंत

दहा-पंधरा मिनिटांत सामान आणून देणाऱ्या ॲपवर दूध, ब्रेड आणि कोथिंबीर ९८ रुपयांना दिसते. पैसे भरायच्या पानावर हाताळणी शुल्क १० रुपये, पोहोच २५ रुपये आणि छोट्या ऑर्डरचे २० रुपये मिळून बिल १५३ रुपये होते. दुसऱ्या ॲपवर तेच सामान ११२ रुपयांचे आणि पोहोच १६ रुपये, एकूण १२८. वस्तूंच्या किमतीवरून निवड करणारा ग्राहक पहिल्याकडे जातो आणि २५ रुपये जास्त देतो. तुलना नेहमी शेवटच्या पानावरच्या रकमेची करावी, पहिल्या पानावरच्या नव्हे.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न'विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांत ग्राहकाला चकवणाऱ्या १३ युक्त्या नावांनिशी दिल्या आहेत. शुल्क शेवटपर्यंत लपवून ठेवणे ही त्यांतली एक. न विचारता कार्टमध्ये विमा किंवा देणगी टाकणे ही दुसरी, 'फक्त २ शिल्लक' अशी खोटी घाई लावणे तिसरी. सदस्यत्व घेणे एका बटणावर आणि सोडणे पाच पानांच्या चक्रव्यूहात, हीसुद्धा यादीत आहे. आधीच टिक केलेल्या चौकोनातून ग्राहकाची संमती गृहीत धरायला २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनीच मनाई केली आहे.

'नो कॉस्ट ईएमआय' हा प्रकार जरा थांबून पाहण्यासारखा आहे. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, असे रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना बजावले होते. त्यानंतरची पद्धत अशी : बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी रक्कम किमतीतून वजा करतो. ३०,००० रुपयांचा मोबाइल पाच हजारांच्या सहा हप्त्यांत घेतला आणि बँकेचा दर वर्षाला १५ टक्के असला, तर कर्ज साधारण २८,७३० रुपयांचे होते आणि व्याज १,२७० रुपयांचे. या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो : २२९ रुपये. १९९ रुपये प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा जीएसटी धरून आणखी २३५. म्हणजे 'नो कॉस्ट'ची किंमत ४६४ रुपये. एकरकमी पैसे भरणाऱ्याला कार्डावर दीड हजारांची सूट मिळत असेल आणि हप्तेवाल्याला ती नसेल, तर फरक दोन हजारांच्या घरात जातो. हप्ते वाईट असे नाही. रोख हातात नसताना एवढ्या खर्चात सहा महिने मिळणे कुणाला परवडेलही, फक्त तो खर्च आहे हे माहीत असावे.

फुगवलेले आणि शिळे आकडे

१०,००० एमएएचची पॉवर बँक ५,००० एमएएचचा मोबाइल दोनदा चार्ज करत नाही. छापील आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. बाहेर ५ व्होल्टने वीज येते, तेव्हा गणितानेच ७,४०० उरतात आणि त्यातही उष्णतेत काही जातात. खोक्यावर बारीक अक्षरांत 'रेटेड कपॅसिटी' असते, दोन पॉवर बँकांची तुलना त्या आकड्याने करावी. ४९९ रुपयांना दोन टीबीचा पेनड्राइव्ह दिसला तर तुलना करत बसू नये, तो घेऊच नये.

फ्रिज आणि एसीवरचे तारे कालांतराने शिळे होतात. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो निकष वेळोवेळी कडक करतो. १ जुलै २०२२ ला एसीचे निकष बदलले तेव्हा पाच ताऱ्यांचे अनेक एसी चारवर आले. म्हणून ताऱ्यांऐवजी लेबलवरची वर्षाची युनिटे पाहावीत. दोन फ्रिजच्या किमतीत २,५०० रुपयांचा आणि वापरात वर्षाला ६० युनिटांचा फरक असेल, तर आठ रुपये दराने महाग फ्रिज साधारण पाच वर्षांत फरक भरून काढतो आणि पुढे तोच स्वस्त. एसीच्या लेबलवरची युनिटे मात्र वर्षाला १,६०० तासांच्या वापरावर काढलेली असतात. फक्त एप्रिल-मेमध्ये रात्री एसी लावणाऱ्या घरात बचत त्या मानाने कमी होते.

अभिप्रायांविषयी थोडेसे. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये त्यांच्यासाठी आयएस १९००० हे मानक काढले, पण ते ऐच्छिक आहे. पाच ताऱ्यांचे आणि एका ताऱ्याचे अभिप्राय सोडून दोन-तीन ताऱ्यांचे वाचावेत. तिथे माणसे कामाचे बोलतात. अभिप्राय नक्की त्याच रंगाच्या, त्याच मापाच्या वस्तूचा आहे का हेही पाहावे, कारण अनेकदा वेगवेगळ्या प्रकारांचे अभिप्राय एकाच पानावर एकत्र केलेले असतात.

फसगत झालीच तर

प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची असते. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही आणि वकील लावणेही सक्तीचे नाही. एमआरपीपेक्षा जास्त आकारणी किंवा वजनात तूट असेल तर महाराष्ट्रात वैध मापन शास्त्र यंत्रणेकडे जाता येते. यांपैकी कुठेही गेले तरी आधी मागितले जाते ते बिल, किमतीचा स्क्रीनशॉट आणि वेष्टन. स्क्रीनशॉट ऑर्डर देतानाच काढलेला असावा लागतो, कारण तक्रार करायची वेळ येते तोवर पानावरची किंमत आणि वर्णन बदललेले असते. आणि वेष्टन तोवर बहुधा कचऱ्याच्या डब्यात गेलेले असते.