वारली चित्रकारांचे ऑनलाइन चित्रसंग्रह

वारली चित्रकाराने आपली निवडक चित्रे नाव, गाव व तपशिलांसह संकेतस्थळावर मांडलेला संग्रह म्हणजे ऑनलाइन चित्रसंग्रह होय. त्यास पोर्टफोलिओ असेही म्हणतात. वारली चित्रकला पालघर जिल्ह्यातील जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी आदी तालुक्यांत प्रचलित आहे.

पार्श्वभूमी

लग्नघराच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक लिहीत. हा सामुदायिक विधी असल्याने चित्रावर नाव घालण्याची प्रथा नव्हती. १९७०च्या दशकात जिव्या सोमा म्हसे यांची कागदावरील व कापडावरील चित्रे जगापुढे आली आणि कर्त्याच्या नावाला महत्त्व आले.

रचना

संग्रहात मोजकी चित्रे, समोरून व सम प्रकाशात घेतलेली छायाचित्रे आणि प्रत्येक चित्राखाली शीर्षक, वर्ष, आकार व माध्यम असणे उपयुक्त ठरते. पालघट देवीचा चौक, तारपा नृत्य अशा प्रसंगांचा अर्थ दिल्यास अपरिचित दर्शकाला चित्र समजते. हाताने काढलेली व संगणकावर काढलेली चित्रे वेगळी दाखवल्याने संभ्रम टळतो.

हक्क

वारली चित्रकलेस भौगोलिक मानांकन प्राप्त आहे. ते परंपरेच्या नावाचे रक्षण करते. विशिष्ट चित्राचा कर्ता मात्र त्यातून ठरत नाही. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५७ नुसार आपले कर्तेपण सांगण्याचा हक्क कलावंतास आहे. संग्रहातील नाव व दिनांकासहची नोंद हा हक्क सांगताना साहाय्यक ठरू शकते.