तबकडीपासून मोबाईलपर्यंत : गाणे कोणाच्या हाती?

बेने इस्राएल समाजाला गाण्यासाठी यंत्राची गरज कधी भासली नाही. कोकणातील घरी मलिद्याचे ताट मांडून एलियाहू हन्नावीचे गीत सुरू झाले की वृद्धांपासून पोरासोरांपर्यंत सर्वांचे आवाज त्यात मिसळत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या पूर्वजांनी मराठी कीर्तनाचा बाज स्वीकारून पवित्र शास्त्रातील कथांवर आख्याने रचली. तेव्हाही समोर बसलेला श्रोता पालुपद उचलून धरीत असे. गाणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये भिंत नव्हती. पुढे गाणे यंत्रात शिरले आणि ही भिंत हळूहळू उभी राहिली. सव्वाशे वर्षांच्या त्या प्रवासाकडे पाहिले असता असे दिसते की, कोणते गाणे टिकावे आणि कोणते विरून जावे हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक नव्या यंत्राबरोबर एका हातातून दुसऱ्या हाती गेला. आजच्या संगणकयुगात तो कोणाच्या हाती आहे, याचा विचार आपल्यासारख्या लहान समाजाने अवश्य करावा, असे आम्हांस वाटते.

सपाट तबकडीवर आवाज कोरण्याची युक्ती एमिल बर्लिनर यांची. जर्मनीतील हॅनोव्हर येथील एका यहुदी कुटुंबात जन्मलेल्या व अमेरिकेत स्थायिक झालेल्या या संशोधकाने १८८७ साली आपल्या ग्रामोफोनचे पेटंट मिळविले. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आले व नोव्हेंबरमध्ये त्यांनी गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मावत. म्हणून तासभर रंगणारा ख्याल तीन मिनिटांत आवरावा लागला. यंत्राच्या मर्यादेने कलेला असा आकार दिला. शिवाय तबकडी काढणे खर्चाचे काम असल्यामुळे कोणाचा आवाज कोरावयाचा हे कंपनीच ठरवी. जो आवाज तबकडीवर चढला तो उरला. बाकीचे ऐकणाऱ्यांच्या आठवणीबरोबर गेले.

याचे एक उदाहरण आपल्या घरचेच आहे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत प्रदर्शित झालेला 'आलम आरा' हा भारतातील पहिला बोलपट. तो ज्या नाटकावर आधारला होता, त्याचे लेखक जोसेफ डेव्हिड हे बेने इस्राएल. त्या बोलपटात सात गाणी होती आणि ती ऐकण्यासाठी लोकांनी चित्रपटगृहापुढे झुंबड केली होती. आज त्या चित्रपटाची एकही प्रत उपलब्ध नाही. पडद्यावरचे ते पहिले गाणे जसे मुद्रित झाले होते तसे ऐकण्याचा मार्ग उरलेला नाही. केवळ लोकप्रियतेने काही जतन होत नाही, हा धडा येथे मिळतो.

१९६३ साली फिलिप्स कंपनीने कॅसेट आणली आणि कंपन्यांची मक्तेदारी सैल झाली. कॅसेट स्वस्त होती, आणि विशेष म्हणजे तीवर कोणालाही घरच्या घरी मुद्रण करता येत होते. भारतात १९८०च्या दशकात गुलशन कुमार यांच्या टी-सीरीजने स्वस्त कॅसेटींची बाजारपेठ उभी केली आणि प्रादेशिक भाषांतील भजने व लोकगीते खेडोपाडी पोहोचली. इस्राएलमध्येही १९७०च्या दशकात हेच घडले. तेमानी व इतर पौर्वात्य गायकांना आकाशवाणीवर फारसा वाव मिळत नसे. तेव्हा त्यांच्या कॅसेटी तेल अवीवच्या जुन्या मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या दुकानांतून खपू लागल्या. त्या गाण्यांना 'कॅसेटींचे संगीत' असेच नाव पडले. झोहर अर्गोव यांच्यासारखा गायक याच वाटेने १९८२ पर्यंत साऱ्या देशाला परिचित झाला. पूर्वेकडून आलेल्या समाजांचे गाणे मुख्य प्रवाहात आले ते असे, दुकानाच्या फळीवरून. आपल्याही अनेक घरांत कीर्तनांच्या, हळदीच्या गाण्यांच्या आणि आजी-आजोबांच्या आवाजाच्या कॅसेटी त्या काळापासून पडून आहेत.

यानंतर आवाज अंकांत उतरला. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर ध्वनिलहरींचे माप दर सेकंदास ४४,१०० वेळा घेऊन ते आकड्यांत साठविलेले असते. कॅसेटची नक्कल करताना दर वेळी आवाज थोडा मंदावे. आकड्यांची नक्कल मात्र मुळाइतकीच शुद्ध राहते. १९९०च्या दशकात एमपी३ या पद्धतीने, कानाला सहसा न जाणवणारा भाग वगळून, ध्वनीचा आकार सुमारे एक दशांशावर आणला. १९९९ साली निघालेल्या नॅपस्टरमुळे अनोळखी माणसे परस्परांच्या संगणकांतून गाणी फुकट उतरवून घेऊ लागली. न्यायालयीन लढ्यामुळे २००१ साली ती सेवा बंद पडली. पण गाणे विकत घेण्याची सवय मोडली ती मोडलीच. १९९९ ते २०१४ या काळात ध्वनिमुद्रित संगीताचे जागतिक उत्पन्न सुमारे चाळीस टक्क्यांनी घटले.

तो उद्योग सावरला तो गाणे विकून नव्हे, तर भाड्याने देऊन. २००८ साली स्वीडनमध्ये सुरू झालेल्या स्पॉटिफायसारख्या सेवांनी मासिक वर्गणीत कोट्यवधी गाणी खुली केली. २०२३ साली ध्वनिमुद्रित संगीताचे जागतिक उत्पन्न २,८६० कोटी डॉलर झाले व त्यातील दोन तृतीयांश वाटा अशा सेवांचा होता. यातील हिशेब समजून घेण्यासारखा आहे. वर्गणीचा पैसा साधारणतः एकत्र करून, ज्याचे गाणे जितके अधिक वाजले त्या प्रमाणात वाटला जातो. स्पॉटिफायवर गाणे ३० सेकंद वाजले तरच ते मोजले जाते. २०२४ पासून तर ज्या गाण्यास मागील बारा महिन्यांत १,००० वेळाही ऐकले गेले नाही, त्यास तेथे मुद्रणाचे मानधनच मिळत नाही. तबकडीने तीन मिनिटांची मर्यादा घातली होती. आता पहिल्या अर्ध्या मिनिटात श्रोत्यास पकडण्याची घाई आली आहे. सावकाश पूर्वरंग मांडणाऱ्या कीर्तनास या हिशेबात स्थान कोठून मिळावे?

तरीही या युगास दोष देऊन मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. दिमोना वा अश्दोद येथे गायिलेले मराठी गीत आज त्याच क्षणी ठाण्यातील आप्तांना ऐकू जाते. त्यासाठी कंपनीची मर्जी लागत नाही की दुकानाची फळी. १९६४ साली जेरुसलेममध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय ध्वनिसंग्रहालयातील पुष्कळसे मुद्रण आता घरबसल्या ऐकता येते. द्वार उघडे आहे. पण उघड्या द्वारातून आत जाणे आणि आत टिकून राहणे या भिन्न गोष्टी होत. २०१९ साली मायस्पेस या कंपनीने कबूल केले की, २०१५ पर्यंतच्या बारा वर्षांत लोकांनी तिच्याकडे सोपविलेले संगीत सामग्री हलविताना नष्ट झाले. अशी गाणी सुमारे पाच कोटी असावीत, असा अंदाज होता. परक्याच्या कोठारात ठेवलेले धान्य आपले म्हणता येत नाही.

म्हणून आमचे समाजबंधू-भगिनींना सांगणे आहे की, कपाटातील कॅसेटी बाहेर काढाव्यात. चुंबकीय फीत कालांतराने निकामी होते आणि ती वाजविणारी यंत्रेही दुर्मिळ झाली आहेत. तिचे अंकीय रूपांतर करून प्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात. प्रत्येकीबरोबर गाणाऱ्याचे नाव, मूळ गाव, प्रसंग, वर्ष आणि गीताचे शब्द देवनागरीत व हिब्रूत लिहून ठेवावेत. नाव नसलेला आवाज दुसऱ्या पिढीत अनोळखी होतो. आणि मराठी न वाचणाऱ्या नातवंडांना अर्थाविना तो केवळ नाद वाटेल.

आणखी एक गोष्ट संगणक करू शकत नाही. शब्बाथ लागला की आपली यंत्रे मुकी होतात. त्या रात्री, मेणबत्त्यांच्या उजेडात, कोणतीही वर्गणी वा कोठार उपयोगी पडत नाही; जे गीत कंठात आहे तेवढेच मेजाभोवती उमटते. आपल्या पूर्वजांनी शतकानुशतके कोकणात गाणे राखले ते याच कोठारात. मुद्रण करावेच; परंतु मुद्रित गीत मुलांकडून एकदा तरी म्हणवून घ्यावे. यंत्राने आपला आवाज जपावा, आणि तो पुढे नेण्याचे काम आपल्या घरांनी करावे.